बल्बाचं सोवळं

माझी मावशी जाऊन दीड वर्ष होत आलं. तिची आठवण काढायला बसले की आधी तिचा चेहरा आठवावा की नाही? तिच्या हातची रागीची भाकरी आठवावी. छे! मला मीच आठवते. तिच्या अंगणात उभी राहून गाडीची किल्ली खुळखुळवत मी ओरडतेय, "आई, चल. साडेचार झाले."

दर महिन्याला हेच. मावशी मागडीच्या पलीकडे एका खेड्यात राहायची, आम्ही दोघी मायलेकी बेंगळुरूत, चामराजपेटेत. सकाळचं सगळं आवरून, गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत दोन वाजायचे. जेवण व्हायचं, पानं काढायची, मावशी पाय पसरून जुनं काहीतरी सांगायला लागायची, आई पुढे सरकून बसायची, आणि नेमकी मी दारात. आई कधी "थांब स्वल्प" असंसुद्धा म्हणाली नाही. वाक्य अर्धं टाकून उठायची. मावशी म्हणायची, "सरी, बरं, जा जा, अंधार होईल." ते अर्धं वाक्य पुढच्या महिन्यातही पुरं होत नसे, कारण तोवर दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असायचं.

माझा स्वभाव तापट आहे हे कबूल करून टाकते. तीस वर्षं कन्नड शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं घाबरायची, आता रिक्षावाले घाबरतात. पण या घाईमागे तापटपणा नव्हता, भीती होती. माझी गाडी तेव्हा चौदा वर्षांची. तिचे पुढचे दिवे म्हणजे गाडीपुढे दोन उदबत्त्या खोचल्यासारखे. तीन वर्षांपूर्वी परतताना एकदा अंधार झाला. मागडी रोडवर एका वळणावर गवताची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल चकती नाही, काही नाही. दहा हातांवर आल्यावर मला ती दिसली. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहिते आहे. आईचं कपाळ पुढे आपटलं, टेंगूळ आलं. ती "काही नाही गं, काही नाही" म्हणत राहिली. त्या दिवशी ठरवलं, अंधारात पाऊल टाकायचं नाही. मुक्काम करावा म्हटलं तर मावशीचं घर दोन खोल्यांचं, त्यात ती, मुलगा, सून, नातवंडं. आईला रात्री तीनदा उठावं लागतं आणि तिथला संडास अंगणापार.

आता या दोघी बहिणींचं थोडं सांगायला हवं. आई पाच वर्षांची असताना त्यांची आई गेली. मावशी तेव्हा बारा वर्षांची. बारा वर्षांच्या पोरीने पाच वर्षांच्या पोरीला वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, पाटी घेऊन शाळेत नेऊन बसवलं. आई तिला अक्का म्हणायची, पण म्हणायची ती आईला हाक मारावी तशी. मावशी अठ्ठ्याऐंशीची झाली आणि आई एक्क्याऐंशीची झाली, तरी ते तसंच होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मावशी खचली. तिच्या सुनेने मला फोनवर बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टरांनी हात टेकलेत. दसरा पार पडला तरी खूप." त्याच फोनवर मागून मावशीचा आवाज आला. तिला आईशीच बोलायचं होतं. आईने फोन कानाला लावला, ऐकलं, हूं हूं केलं आणि ठेवून दिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाली, या नवरात्रात एकदा तरी दिवा लागेपर्यंत थांब. तुळशीपुढे दोघी मिळून लावू."

"मग?"

"मग काय, म्हटलं बघू." आणि आई वाती वळायला बसली.

तिने माझ्याकडे मागितलं असतं तर मी चिडून तरी काही बोलले असते. तिने मागितलंच नाही. मला रात्रभर झोप आली नाही. एक संध्याकाळ. माणसाला आयुष्याच्या शेवटाला एक संध्याकाळ हवी आणि ती माझ्या गाडीच्या दोन फुटक्या दिव्यांपायी मिळू नये? मला माझीच लाज वाटली.

सकाळी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मेडम, आयुधपूजा झाल्यावर या." नवरात्रात बेंगळुरूतल्या गॅरेजवाल्याला गाठणं म्हणजे लग्नाच्या मोसमात आचारी गाठणं. नवमीला गाड्यांची पूजा, त्याआधी प्रत्येकाला गाडी चकाचक करून हवी असते. म्हटलं, तू नाही तर तू नाही. तीस वर्षं 'प्रकाश सरळ रेषेत जातो' असं फळ्यावर लिहिलंय मी, मला एक बल्ब बदलता येणार नाही? गाडीबरोबर आलेलं पुस्तक चौदा वर्षांत पहिल्यांदा उघडलं.

जे. सी. रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत ओळीने. त्यातल्या एकात शिरले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. मी म्हटलं, "मला सगळ्यात जास्त उजेडाचे पांढरे एलईडी द्या. ते डोळे दिपवतात ना, ते."

त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "कुणाचे डोळे दिपवायचेत?"

"म्हणजे?"

"तुमच्या गाडीचा आरसा हॅलोजनसाठी केलेला. त्यात तो एलईडी बसवला तर उजेड वाटेल तिकडे उडतो. तुम्हाला दिसेल, समोरच्याला दिसणार नाही. आणि समोरच्याला दिसलं नाही तर तो कुठे येईल?" त्याने बोट माझ्याकडे केलं.

शाळेत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. जादा वॉटचा बल्बही त्याने दिला नाही. म्हणाला, जुन्या गाडीच्या वायरी वितळतात. तेवढ्याच वॉटचा, पण तार बारकाईने गुंडाळलेला, जास्त लांब उजेड टाकणारा हॅलोजनचा जोड त्याने काढून दिला. आणि शेवटी, पैसे घेतल्यावर, परत बोलावून सांगितलं, "काचेला हात लावू नका हां. धातूलाच धरायचं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचलं.

दुपारी गाडी दारात, बॉनेट वर. आई शेजारी ओट्यावर वाती वळत बसलेली. नवरात्रासाठी तुपात भिजवलेल्या फुलवाती करत होती, नऊ दिवसांच्या, दोन घरांच्या. मी जुना बल्ब काढला. तसं अवघड काही नाही. मागून वायरीचं टोपण ओढायचं, रबराची टोपी सोलायची, तारेची कडी दाबून बाजूला करायची, की बल्ब हातात येतो. डाव्या बाजूला मात्र बॅटरी आड येते; मनगट खरचटलं आणि तोंडातून दोन शब्द गेले, ते आईने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मग मी नवा बल्ब डबीतून काढला, धातूच्या कडेला धरून उन्हात केला, आणि बाई गं, मी बघतच राहिले. बोटाएवढी काच. आत एकामागे एक दोन तारा, एक जवळच्या उजेडाची, एक लांबच्या. आणि पुढच्या तारेच्या खाली नखाएवढी धातूची वाटी. मी म्हटलं, ही कशाला? आत कुणी वाटी का ठेवावी? डोकं चालवलं तेव्हा उलगडलं. तारेचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडवते. फक्त वर जाणारा सोडते. तो मागच्या आरशावर आपटून खाली, रस्त्यावर येतो. वर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊच नये म्हणून ही सोय. कुणीतरी कुठेतरी बसून हे योजलं असणार, की आपल्याला दिसावं पण समोरच्या परक्या माणसाला त्रास होऊ नये. आणि ते केलं कशाने? नखाएवढ्या वाटीने! परावर्तनाचा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल, पण माझ्याच गाडीत दहा वर्षांहून जास्त तो धडा रोज लागत होता आणि मला पत्ता नव्हता. काखेत कळसा म्हणतात ते हे.

"आई, हे बघ," मी तिला दाखवलं. "पण हात लावू नको."

"नवी वस्तू आहे," आई म्हणाली. "अशीच लावणार? हळदकुंकू?"

"आई, तो बल्ब आहे, नवी सून नाही."

"बरं बाई."

तिचं 'बरं बाई' म्हणजे काय हे मला चोपन्नाव्या वर्षी कळायला हवं होतं. मी बल्ब डबीवर ठेवला आणि स्वच्छ रुमाल आणायला आत गेले. येऊन दोन्ही बल्ब बसवले. दिव्यांच्या बाहेरची काच पिवळी पडलेली होती; ती दंतमंजनाने घासायची असं मी वाचलं होतं. आईला ते पटलं नाही. "समईला चिंच लागते, हिला दात घासायचं?" पण घासायला तीच बसली. अर्ध्या तासाने त्या पिवळ्या, मोतीबिंदू झाल्यासारख्या काचेतून आतला आरसा चकाकायला लागला. आईचा हात थांबला. "अय्यो, आत इतकं सुंदर होतं?" ती म्हणाली.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला नेऊन गाडी लग्नाच्या कार्यालयाच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली. दिव्याची उंची टेपने मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारली. खडू कसा धरायचा ते हात विसरले नव्हते. मग दिवे लावले.

भिंतीवर उजेड पडला आणि मधोमध कापला गेला. वर काळोख, खाली उजेड, मध्ये रेघ. पट्टीने आखावी तशी सरळ, आणि मधून डावीकडे हलकेच वर चढलेली. ते चढणंही मुद्दाम, कारण डावीकडे आपल्या बाजूचा रस्ता, रस्त्याकडेची माणसं, झाडं, ती दिसायला हवीत. उजवीकडे समोरून येणारा, त्याला झाकायचं. सगळं त्या वाटीच्या कडेला थोडा तिरपा काप दिल्यामुळे. माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. शेजारचा दुधवाला थांबून विचारायला लागला, "टीचर, काय झालं?" काय सांगू त्याला? मी स्क्रू फिरवून दोन्ही रेघा खडूच्या रेघेपेक्षा तीन बोटं खाली आणल्या. आई ओट्यावरून उठून आली आणि भिंतीजवळ जाऊन त्या उजेडात तिने हात धरला, शेकोटीवर धरतात तसा.

"याने मागडीचा रस्ता दिसेल?" तिने विचारलं.

"दिसेल."

"आठ वाजतासुद्धा?"

"दहा वाजतासुद्धा. तू थांब तिच्याकडे हवं तेवढं."

आईने लगेच मावशीला फोन लावला. पाचव्या माळेला येतो म्हणून सांगितलं. दिवा लावूनच निघणार म्हणून सांगितलं.

पाचव्या माळेला गेलो. मावशी जगलीवर, म्हणजे घरापुढच्या उंच ओट्यावर, उशीला टेकून बसली होती. हाताची नुसती काडी झालेली, पण नवं लुगडं नेसली होती. तुळशीपुढे सारवलं होतं, पणती पुसून ठेवली होती, आईने नेलेली फुलवात त्यात घालून तयार. साडेचार वाजले. मी किल्लीला हात लावला नाही. आईने दोनदा माझ्याकडे बघितलं, सवयीने. मी म्हटलं, "बस की." ती बसली आणि मावशीचं चाललेलं वाक्य पहिल्यांदा पूर्ण झालं. कसलंसं, विहिरीत पडलेल्या घागरीचं होतं. दोघी खूप हसल्या.

सव्वापाचला आभाळ भरून आलं. मी म्हटलं, एकदा दिवे बघून घ्यावेत. बटण फिरवलं. उजवीकडून 'टप्' असा आवाज आला, पापड मोडावा तसा, आणि त्या बाजूला काळोख.

मी खाली उतरले, बॉनेट उघडलं, हात लावला, बंद केलं, परत उघडलं. जुने बल्ब मी शहाणीने घरी कचऱ्यात टाकून आले होते. त्या खेड्यात असला बल्ब मिळायचा नाही. एका डोळ्याची गाडी, पावसाचं आभाळ आणि एक्क्याऐंशी वर्षांची आई. मला त्या ट्रॉलीचं मागचं फळकूट दिसायला लागलं. आणि मग मी जगलीपाशी जाऊन तेच म्हणाले, जे म्हणायला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला होता.

"आई, चल."

आई उठली. पदर सारखा केला. मावशी म्हणाली, "सरी, सरी. अंधार होईल." पणतीतली वात तशीच न पेटता राहिली. गाडीत आई एक शब्द बोलली नाही आणि मी रस्ताभर त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. 

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात. तो कुलूप काढतोय तोच सुरू झाले. "माल असा विकता? सल्ले मोठे देता! तुमच्यामुळे काय झालं माहीत आहे का?" तो ऐकत राहिला. शटर वर केलं, उदबत्ती लावली, देवाला हात जोडले, मग बल्ब मागितला. चष्मा खाली घेऊन त्याने तो उजेडात फिरवला. काच एका बाजूला फोडासारखी फुगली होती, दुधी झाली होती, तिथेच तडकली होती. त्याने धातूच्या कडेवरून करंगळीचं नख ओढलं आणि मला दाखवलं. नखावर लाल.

"मेडम, पूजा केली होती का?"

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे," मी म्हटलं.

"असेल. पण कुंकू आहे. आणि काचेवर तेलकट बोटाचा डाग. तेवढाच भाग जास्त तापतो, फुगतो, फुटतो. आयुधपूजेच्या दिवसांत दरवर्षी असे बल्ब परत येतात माझ्याकडे. सगळेजण म्हणतात, आम्ही नाही लावलं." तो हसत नव्हता. त्याने दुसरा बल्ब पुढे सरकवला. मी पैसे दिले आणि त्याची माफी मागितली. कशी मागितली ते सांगत नाही, नीट जमली नाही मला.

घरी येईपर्यंत माझा पारा चढत गेला. तुपाचे हात! त्या फुलवाती! मी दोन मिनिटं रुमाल आणायला आत गेले काय, आणि हिने डाव साधला. स्वतःच्या हाताने स्वतःची संध्याकाळ घालवली आणि वर गाडीत मुकाट बसून माझ्या शिव्या ऐकल्या! काय काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ करत होते.

आई ओट्यावर होती. वाती वळत. मी बल्ब तिच्यापुढे ठेवला.

"मीच लावलं," ती मी बोलायच्या आधीच म्हणाली. "दुसऱ्याला लावणार होते, तेवढ्यात तू आलीस."

"मी सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण या घरात कुठली वस्तू तशीच वापरली? तुझी पाटी, सायकल, गॅसची शेगडी, फोनसुद्धा. सगळ्याला लावलं आणि याला नाही? अक्काकडे जायचं होतं गं. म्हणून एक बोट जास्तच लावलं."

माझा सगळा पाठ केलेला राग जिथल्या तिथे बसला. मी तिच्याशेजारी टेकले. मग शिक्षिकेला जे येतं तेच केलं, समजावून सांगायला लागले. आत तार किती तापते, की लोखंडसुद्धा तिथे टिकायचं नाही. काच किती तापते. बोटाचं तेल, तूप, घाम, त्याचा एवढासा ठिपकासुद्धा त्या काचेला झेपत नाही. आईने फुटका बल्ब पदरात धरून वर केला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"तुपाचं बोटसुद्धा चालत नाही?"

"नाही."

"नुसतं बोट?"

"तेही नाही. स्वच्छ धुतलेल्या कापडाने धरायचं."

आईचे डोळे मोठे झाले. "अगं, मग सोवळं आहे त्याचं! असं सांगायचं होतंस ना मला, पुट्टी, पोरी. तू म्हणालीस हात लावू नको, मला वाटलं महाग आहे म्हणून."

मी कपाळावर हात मारला. आणि मग मलाही वाटलं, खरंच की. ज्याच्या पोटात एवढा विस्तव, त्याने शिवू देऊ नये, यात चुकलं काय? तीस वर्षं मी हे मुलांना सांगितलं असतं तर एकही जण विसरला नसता.

दुसऱ्या सकाळी आईने अंघोळ केली. माझा रुमाल तिने आदल्या रात्रीच धुऊन, कुणाचा हात लागणार नाही असा उंच दांडीवर वाळत टाकला होता. तो काठीने काढला. वाती नाहीत, तूप नाही, हात दोनदा धुतलेले. बल्ब तिने डबीतून काढला तो धातूला धरून, श्वास रोखून. मी आयुष्यात प्रयोगशाळेत इतके स्वच्छ हात पाहिले नाहीत. मी कडी दाबून धरली, तिने बल्ब आत बसवला. हळदकुंकू लावलं ते रिकाम्या डबीला. ती डबी तिने देवघरात ठेवली. आजही आहे, देवीच्या डाव्या हाताला, साठ-पंचावन्न वॉट असं छापलेली.

आठव्या माळेला परत गेलो. तीन दिवसांत मावशी आणखी उतरली होती. बसवत नव्हतं. जगलीवर गादी घालून तिला निजवली होती, पण तोंड तुळशीकडे करून. पणती तशीच होती, वातही तीच.

साडेचार झाले. पाच झाले. मी गाडीचे दिवे तीनदा लावून बघितले आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात हात जोडले. विज्ञान गेलं खड्ड्यात. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा सुनेने मावशीला आधार देऊन उठवलं. आईने पणती तिच्याजवळ नेली. काडी आईने ओढली, हात मावशीने धरला, आणि वात पेटली. आईने पणती तुळशीपुढे ठेवली, दोघींनी हात जोडले. मी बाजूला उभी राहून नाक पुसत होते.

मग मावशी म्हणाली, "तो तुझा सोवळ्यातला दिवा दाखव की गं." आईने फोनवर सगळं सांगून टाकलेलं दिसत होतं.

मी गाडी वळवून दिवे लावले. फाटक उजळलं, पलीकडचं रागीचं शेत उजळलं, एकेक कणीस वेगळं दिसायला लागलं, शेताच्या टोकाची चिंच पायापासून दिसली. उजव्या हाताला समोरच्या घराच्या पायरीवर एक बाई शेवंतीचा गजरा गुंफत बसली होती. उजेड तिच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि थांबला. मांडीवरची फुलं पिवळीधम्मक दिसत होती, चेहरा अंधारात. तिने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही, गुंफत राहिली.

"तिच्या डोळ्यांत जात नाही बघ," मावशी हळूच म्हणाली. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी तिला पहिल्या झटक्यात दिसलं, जे मला चौदा वर्षांत दिसलं नव्हतं. "शहाणा आहे दिवा."

त्यानंतर मी दिवे बंद केले आणि गाडीत जाऊन बसले. सात झाले. साडेसात झाले. जगलीवर दोघींचं बोलणं चालू होतं, म्हणजे आईचंच, मावशीचा मधूनच एखादा हुंकार. शब्द कळत नव्हते. मी ठरवलं होतं, आज तोंडातून तो शब्द काढायचा नाही. बारा वाजू देत. नंतर आवाज थांबला. आणखी पुष्कळ वेळाने आई आली. चपला हातात घेतलेल्या.

"चल," ती म्हणाली. "झोपली ती. गाडी हळू चालू कर."

मागडी मागे पडली. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. दगड, निलगिरी, कुंपणाची तार, मैलाच्या दगडावरचा आकडा, सगळं येत होतं आणि मागे जात होतं. ट्रॉलीचं वळण आलं. कितीतरी आधीपासून मला ते पूर्ण दिसत होतं. आई पुढे वाकून काचेतून बघत होती. तिने अशी रात्र आयुष्यात पाहिली नव्हती.

"आई गेली तेव्हा मला झोप लागायची नाही," ती एकदम म्हणाली. "अक्का माझा हात धरून पडायची. मी झोपले असं वाटलं की एकेक बोट सोडवायची आणि चूल पेटवायला जायची. मला कळायचं. मी झोपलेली नसायचे गं. डोळे मिटून पडायचे. तिला कामं असायची ना."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आज मी तिची बोटं सोडवली," आई म्हणाली. "एकेक करून. ती पण झोपलेली नव्हती."

मी ब्रेकवर पाय ठेवला. "परत फिरू या?"

"नको," आई म्हणाली. "तिने सोडलंय. तू पुढे बघून चालव."

मी पुढे बघून चालवायला लागले. रस्ता लांबपर्यंत दिसत होता.